पंचायतीच्या वहीतली माझी सही

आधी माझ्या सहीबद्दल सांगते. तिच्याबद्दल बोलायला लागले की मला धीर येतो, आणि पुढचं सांगायला तो लागणार आहे — कारण पुढचं मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. मालकांच्या नाही, लेकीच्या नाही. जिच्याबद्दल आहे, तिच्या तर नाहीच नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण माझी सही बघून कुणी चौथी म्हणणार नाही. तीन शब्द — माझं नाव यमुना, मग मालकांचं नाव, मग आडनाव. तिन्हींवर एकच रेघ, पट्टी न लावता ओढलेली, आणि कुठेही वाकडी नाही. शेवटी एक टिंब. गुरुजींनी माझं नाव पाटीवर इतक्यांदा गिरवून घेतलं होतं की ते बोटांतच राहून गेलं. लग्नानंतर बाकीचे दोन शब्द बदलले, रेघ तीच राहिली.

उर्से नाक्यापासून आत आमची वस्ती आहे. तिथं माझ्या वयाच्या बायकांत सही करणारी मी एकटी. बाकीच्यांचा अंगठा. पंचायतीत लग्नाची नोंद करायची तर तीन साक्षीदार लागतात, लग्नाला हजर असलेले. आमच्याकडे अशी रीतच पडून गेली होती, की दोन बाप्ये आणि एक यमुनाबाई. निरोप आला की मी हिरवी साडी नेसायची, केस पाण्यानं चापून बसवायची आणि जायची. मी फार बोलत नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. पण पेन हातात आलं की टेबलाभोवतीची माणसं माझ्या हाताकडे बघायची, आणि मला त्या बघण्याचा — कसं सांगू — अभिमान वाटायचा. अजून वाटतो. तो लपवणार नाही. लपवायचं ते दुसरंच होतं.

माझं माहेरही ह्याच वस्तीत, चार घरं सोडून; तिथं माझा धाकटा भाऊ, दिनकर. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती त्याला सांभाळायला, आई मजुरीला जायची म्हणून. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुम्हाला नुसतं कळावं, की तो माझ्या कडेवर वाढला आणि त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

दिनकरचं लग्न झालं शिरगावच्या वत्सलाशी. आमच्या विहारात, पांढऱ्या साडीत. लग्न लावणारे आबा वस्तीतलेच होते. मेणबत्तीचं ताट माझ्या हातात होतं. वाऱ्यानं ज्योत विझायला आली तेव्हा मी पदर आडवा धरला, आणि वत्सला खाली मान घालून हसली. एवढं मला आठवतं. एवढं आठवत असताना पुढं मी काय केलं ते ऐका.

वत्सला शाळेत कधी गेलीच नाही. पण तिच्यासारखी भाकरी मी अजून कुणाची बघितली नाही, आणि तिच्यासारखी जीभही नाही. मी गप्प, ती बोलकी. पाण्याला गेलो की माझ्या वाटणीचंही तीच बोलायची. माझी आई माझ्यावर रागावली तर सासूला म्हणायची, "वन्संला कशाला बोलता, मला बोला, माजी पाट मोठी हाय." सात वर्षं ती आमच्या घरात नांदली. मूल झालं नाही. मग तिची आई आजारी पडली म्हणून ती शिरगावला गेली आणि दिनकर तिला आणायला गेलाच नाही. कंपनीत त्याच्याबरोबर कामाला असलेली रंजना घरात आली. घरातल्या घरात हार घातले म्हणे. मी तिथं नव्हते.

वस्तीत दिनकरनं सांगितलं, वत्सलाच यायला तयार नाही. मला माहीत होतं ते खोटं आहे. आठच दिवसांपूर्वी शिरगावहून दूध घालायला येणाऱ्या माणसाजवळ तिनं मला निरोप धाडला होता — "वन्सं, मला न्यायला कवा येनार, तेवडं इचारा की त्यास्नी." तो निरोप मी त्याला दिला होता. तो ऐकून घेऊन गाडीला किक मारून निघून गेला होता.

मग एके दुपारी तोच गाडीवरून माझ्या दारात आला. रंजनाला दिवस गेले होते. दवाखान्याच्या कार्डावर तिचं नाव चढवायला कंपनी लग्नाचा दाखला मागत होती.

"आक्का, तीन सह्या पायजेत. दोन केल्यात गोळा."

मी हातातलं भांडं घासतच राहिले.

"तुजी सही म्हंजी छापल्यावानी येती. तुज्याबिगर शोभा न्हाई कागदाला."

आता मला सांगा, एवढ्यावर कुणी जातं का? मी गेले. हिरवी साडी नेसले, केस चापून बसवले आणि गेले.

कागद समोर आला. मी कधीच न वाचता सही करत नाही, तोही माझा एक तोरा. वर दिनकरचं नाव होतं. खाली एक रकाना — विवाहाच्या वेळची स्थिती. त्यात लिहिलं होतं, अविवाहित. मी ते वाचलं. नीट, अक्षर लावून वाचलं. दिनकर, वय अमुक, अविवाहित. म्हणजे पांढरी साडी नव्हती. मेणबत्ती नव्हती. सात वर्षं माझ्याशेजारी भाकरी थापणारी बाई नव्हतीच. आणि खाली छापलेलं — वरील मजकूर खरा आहे, आम्ही या विवाहास हजर होतो.

माझा हात थांबला होता. तेवढ्यात टेबलामागचे ग्रामसेवक म्हणाले, "वाचून सही करणारी बाई मी पहिलीच बघतोय."

आणि मला बरं वाटलं.

मी सही केली. रेघ सरळ आली.

हे झालं पहिलं. एवढंच असतं तर कदाचित मी हे सगळं लिहायला ही वही उघडली नसती — माणूस भावासाठी चुकतं, असं म्हणून मी स्वतःला गप्प केलं असतं. बरीच वर्षं तसंच करत होते.

वत्सला शिरगावलाच राहिली. तिथल्या मोठ्या मंदिराला येणाऱ्या लोकांसाठी खानावळी आहेत. त्यातल्या एकीत ती भाकऱ्या थापायला लागली आणि पुढं तिनं स्वतःचीच चूल मांडली. लोक रांग लावून जेवतात. मी गेले की मला आतल्या बाजूला पाटावर बसवणार, माझ्यासाठी वेगळी पातळ भाकरी करणार, आणि गिऱ्हाइकांना सांगणार, "ह्या माज्या वन्सं. लय शिकलेल्या हायती." दिनकरबद्दल ती माझ्याजवळ कधी वाईट बोलली नाही. मी त्याची बहीण, मला लागेल म्हणून. ती भाकरी मी कशी गिळत होते म्हणाल? चवीनं. खरं सांगते, चवीनं खात होते.

दोन वर्षांपूर्वी दिनकर गेला, तापाचं निमित्त होऊन. वत्सला आली होती. बायांनी तिला शेजारणींच्यात बसवलं. ती बसली.

मी लोणावळ्यात तुंगार्लीला एका बंगल्यावर झाडलोट करते. तिथले माळी सुदामभाऊ, बायको वारलेली, लेक लग्न होऊन गेलेली. सज्जन माणूस, झाडांशी बोलणारा. एकदा मी त्यांना वत्सलाकडची भाकरी आणून दिली. दुसऱ्यांदाही दिली. तिसऱ्यांदा ते स्वतःच शिरगावला जेवायला गेले. पुढचं त्या दोघांनी जमवलं, पण सुरुवात माझी होती आणि ती मी अभिमानानं सांगते. सत्तेचाळिसाव्या वर्षी वत्सला परत नवरी झाली. खानावळीच्या बायांनी चेष्टा केली तर म्हणाली, "का ग, पीठ शिळं झालं तर भाकरी थापत न्हाईत का?" लोणावळ्याच्या विहारात लग्न लागलं. ह्याही वेळी ताट मीच धरलं होतं.

मग नोंदणी. सुदामभाऊंचं सोपं होतं, ते विधुर, पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला होता. वत्सला विधवा, म्हणून तिनं मला घेऊन आमच्या पंचायतीतून दिनकरच्या मृत्यूचा दाखला काढला. तो वाचायचं काम अर्थात माझं. त्यावर पत्नीचं नाव होतं रंजना. मी ते तिला वाचून दाखवलं, कारण ते कुणीही वाचून दाखवलं असतं.

तिनं दाखल्याची घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, "मंग माज्या लग्नाची नोंद काडू. त्यांनी केलीया. मला बोलले हुते लग्नाच्या साली, नोंद करून आलो, काळजी करू नगंस म्हनून."

इतकी वर्षं ती त्या शब्दावर होती. त्यानं काही केलेलं नव्हतं.

आधी आम्ही आबांच्या घरी गेलो. आबा आता नाहीत, पण विहारात लावलेल्या प्रत्येक लग्नाची ते वहीत नोंद ठेवायचे. सुनेनं माळ्यावरची पेटी काढून दिली. वह्या होत्या, पण त्या सालच्या वहीचा पुठ्ठा तेवढा राहिला होता. आतलं वाळवीनं नेलेलं. वत्सलानं तो पुठ्ठा हातात धरून झटकला, जणू तिचं नाव खाली पडेल. मग आम्ही पंचायतीत गेलो.

तिथला लिपिक नवा. कामात होता. दोन जाड वह्या काढून त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. "मावशी, तुमाला वाचता येतंय ना? मंग तुमीच बघा, हितंच बसून."

बाकावर आम्ही दोघी. वही माझ्या मांडीवर. वत्सला खेटून बसलेली, तिचं बोट पानाच्या कडेला. मी एकेक नाव वाचत होते आणि ती मान हलवत होती — हा नव्हं, पुढं. किती नावं माझ्या ओळखीची निघाली. कितीतरी पानांवर माझी सही. त्या सालात काही सापडलं नाही, नोंद उशिरा चढवली असेल म्हणून पुढच्या सालांची पानं उलटत होते आणि उलटता उलटता ते पान आलं.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहिते. ते लिहिण्यासाठीच तर ही वही घेतली. मला वाटलं — किती सुरेख आली आहे. बाकी सगळ्यांत ही उजवी आहे. शाई अजून काळीभोर होती.

मग वरची नावं दिसली. मग रकाना.

वत्सलानं त्याच सहीवर बोट ठेवलं. "हितं बी कुनीतरी तुमच्यावानीच झ्याक लिव्हलंय की वन्सं. कुनाचं लगीन हे?"

"आसंल कुनाचं तरी," मी म्हणाले. आणि पान उलटलं.

एवढंच. एक पान. त्याला वेळ तो किती लागतो? वही संपेपर्यंत मी पुढची सगळी नावं मोठ्यानं वाचली, नेहमीपेक्षा स्पष्ट वाचली. शेवटी म्हणाले, न्हाई. ती म्हणाली, "तुमच्या नजरंतनं सुटायचं न्हाई. म्हंजी न्हाईच."

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या मॅडम चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, दाखल्यावर पत्नी म्हणून दुसरं नाव आहे, तुमच्या लग्नाचा पुरावा नाही, मग मी विधवा कसं लिहू? अविवाहित लिहिते, त्यानं तुमचं काही अडणार नाही.

वत्सलाला खरंच काही अडणार नव्हतं. सुदामभाऊ तर म्हणाले, "लिवा मॅडम. गावात सांगतो, कोरी करकरीत बायकू गावली."

"तुमी गप बसा," वत्सला म्हणाली, "गुलाबांशी बोला जावा." मग मॅडमकडं वळली. आवाज खाली आणला. "मॅडम, सात वर्सं त्या घरात चूल पेटवलीय मी. न्हाई नांदले असं कसं लिवता? मला त्यांचं काय नगं. घर नगं, काय नगं. नुसतं लिवा की मी हुते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एक मार्ग आहे. त्या लग्नाला हजर असलेलं कुणी, नवऱ्याकडचं असलं तर उत्तमच, त्यांनी तसं प्रतिज्ञापत्र करून द्यावं. वाचून सही करणारं माणूस हवं.

वत्सला माझ्याकडं वळली. तिचा चेहरा असा उजळला होता, की मी तो इथं लिहू शकत नाही. तिला वाटलं, सुटलं. वन्संच तर आहेत. ताट वन्संच्याच हातात होतं.

आणि मी खाली बघितलं.

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली असती, तर पंचायतीच्या वहीतली सही खोटी पडली असती. कुणीतरी दोन्ही कागद समोरासमोर ठेवले असते. लोक म्हणाले असते, यमुनाबाईंची सही? ती काय, कशावरही करतात. तुरुंगाची भीती नव्हती मला. रंजनाच्या पोरांचं काय होईल, हा विचारही तेव्हा मनात नव्हता. तो नंतर आला, आणि मी तो बराच काळ पुढं करून बघितला. तेव्हा मनात एकच होतं — माझी सही. माझी एवढी चांगली सही.

मी पायांकडं बघत राहिले. माझ्या न बोलण्याला सगळे लाजणं म्हणतात. जन्मभर म्हणत आले. त्याच्या आड लपायला किती मोठी जागा आहे, हे माझं मलाच त्या दिवशी कळलं.

वत्सलानं किती वेळ वाट बघितली? फार नाही. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"र्‍हाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "आमच्या वन्संना कचेरीत बोलायचं म्हनलं की घाम फुटतो. लय लाजाळू हायती. लिवा, काय लिवायचं ते."

मॅडमनी लिहिलं. अविवाहित. मग साक्षीदारांच्या सह्या आल्या तेव्हा वत्सला म्हणाली, हिथं मातर वन्संचीच पायजे, एवढी सही तर करतील. मी पेन घेतलं. वाचलं. एकाच शब्दाखाली माझी दुसरी सही — पहिली दिनकरसाठी, दुसरी तिच्यासाठी. पहिल्या कागदानं तिचा संसार पुसला, दुसऱ्यानं तिच्याच हातानं पुसून घेतला. दोन्हींवर माझी रेघ सरळ आहे.

अर्जाची झेरॉक्स तिनं लॅमिनेट करून शिरगावच्या खानावळीत भिंतीला लावली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, सुदामभाऊंच्या नावाच्याही आधी माझी सही दाखवते. बघा, आमच्या वन्संची.

आता शेवटचं. लग्नानंतर महिन्याभरानं ती मला म्हणाली, "वन्सं, मला लिव्हायला शिकवा." मी म्हटलं, आता या वयात कशाला. तर म्हणाली, "सही करायला. आन वाचता आलं की एकदा जाऊन पंचायतीची वही सोता बघनार हाय. पान न् पान. तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई. पन माजं लगीन हाय, मलाच घावंल."

मी नाही म्हणू शकले असते. वेळ नाही, डोळे दुखतात, काहीही. दर रविवारी बंगल्यावरचं काम उरकून मी लोणावळ्याहून शिरगावला जाते. गिऱ्हाईक ओसरलं की भाकरीच्या परातीत पीठ पसरायचं आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं, अशी तिची पाटी. मी चांगलं शिकवते. गुरुजींनी मला शिकवलं तसंच, पुसून पुसून, घाई न करता. आणि ती माझ्यापेक्षा लवकर शिकते आहे. भाकरी थापणारी बोटं आहेत ती, वळण लगेच धरतात. मला तिचा फार अभिमान वाटतो. अजून मी तिला काही सांगितलेलं नाही. धीर झालेला नाही, दुसरं काही कारण नाही.

गेल्या रविवारी हात धुऊन ती भिंतीजवळ गेली. त्या कागदावर, खाली, माझ्या सहीवर तिनं बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. य. मु. ना. कुठं अडली नाही. मग वरच्या रेघेवरून बोट फिरवत शेवटच्या टिंबापर्यंत गेली, आणि वळून माझ्याकडं बघून हसली, मेणबत्तीच्या वेळी हसली होती तशी.

आता ही सही कुठंही दिसली तरी ती ओळखेल.

येत्या रविवारी जोडाक्षरं घेणार आहे.